पेटीची अरुंद बाजू

आंबा संपला, पाऊस लागला आणि आमच्या वाडीत आता 'पोराक खंय घालूचा' हा हंगाम सुरू झालाय. गेल्या आठवड्यात तीन पालकांचे फोन आले. तिघांचा प्रश्न एकच. ग्राफिक डिझाइनसाठी चार वर्षं आणि एवढे पैसे घालावेत, की कणकवलीत सहा महिन्यांचा कोर्स करून पोरगं मोकळं करावं? फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी देवगड तालुक्यातला. बारावीनंतर एका खासगी विद्यापीठात बी.डिझाइन केलं. (नाव लिहीत नाही, पुढे थोडं वाईट बोलायचंय.) अॅडमिशन झाली तेव्हा काकाने विचारलं होतं, "चित्रा काढूक कॉलेज कित्याक व्हया रे?" मी तोऱ्यात चार सॉफ्टवेअरची नावं सांगितली. चूक होती ती. सॉफ्टवेअर मी यूट्यूबवर आणि हॉस्टेलच्या रूममेटकडून शिकलो, पहिल्या सहा महिन्यांत. आणि आजही कुडाळच्या एखाद्या डीटीपीवाल्याशी वेगात माझी बरोबरी नाही. तो माणूस वाढदिवसाचा बॅनर, साहेबांच्या फोटोसकट आणि खाली तीस शुभेच्छुकांसकट, चहा थंड व्हायच्या आत कोरलमध्ये लावतो. तेवढंच शिकायचं असेल तर कणकवलीचा कोर्स पुरे, लाखो रुपये घालू नका.

मग चार वर्षांत मिळालं काय? एक पेटीची गोष्ट सांगतो.

तिसऱ्या वर्षी पॅकेजिंगचा प्रोजेक्ट होता. मी अर्थातच आमच्या बागेच्या हापूसची पेटी घेतली. झाकणावर समुद्र, कुणकेश्वराचं देऊळ, कलमाची फांदी, मधे पिवळाधमक आंबा. सगळा वर्ग वा वा म्हणाला. सरांनी एवढंच विचारलं, "हे झाकण कोण बघणार?" मला सांगता येईना. मग म्हणाले, वाशीला जाऊन ये.

एप्रिलात पहाटे वाशीच्या मार्केटात उभा राहिलो. लहानपणापासून ज्या पेट्या घरातून टेम्पोत चढताना बघत आलो, त्या उतरताना पहिल्यांदा बघितल्या. पेटीवर पेटी, पेटीवर पेटी, थप्पीच्या थप्पी. झाकण एकाचंही दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त पेटीची अरुंद बाजू, आणि तिच्यावर काळ्या शाईत बागायतदाराचा मार्का आणि किती डझन ते. हमाल तेवढंच बघून पेटी उचलत होते. एका बागायतदाराने त्या बाजूवर नुसता जाड निळा पट्टा मारला होता. पार गाळ्याच्या दुसऱ्या टोकावरून त्याचा माल ओळखू यायचा. त्याने कुठलंही डिझाइन कॉलेज बघितलं नसणार.

घरी येऊन काकाला सांगितलं तर तो हसला. "हमाल वाचीत बसता काय रे? तुका आधीच सांगलं असतं मी." सांगितलं असतं, हे खरं. पण मी विचारलंच नव्हतं ना! डिझाइनच्या शिक्षणाचे पैसे मी कशासाठी मोजले म्हणाल तर या एका गोष्टीसाठी. वस्तू जिथे बघितली जाणार तिथे आधी जाऊन उभं राहायचं, आणि ज्याला तिच्याशी काम पडणार आहे त्याला विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तुमच्या लाडक्या चित्रावर दर पंधरा दिवसांनी कुणीतरी "कोण बघणार?" असं विचारल्याशिवाय ती सवय लागत नाही. यूट्यूब उलट विचारत नाही.

पेटीचं पुढे आणखी बरंच झालं. स्क्रीनवर जो आंबा केशरी पेटलेला दिसत होता, तो खाकी पुठ्ठ्यावर छापल्यावर भिजल्या विटेसारखा झाला. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते. पुठ्ठ्यावर शाई बसते, आणि पुठ्ठा स्वतः तपकिरी असतो. शिवाय खोके छापतात फ्लेक्सोवर, रबरासारख्या मऊ प्लेटने. शाई थोडी पसरते आणि बारीक रेषा बुजतात. सहा रंगांचे दोन झाले, देऊळ गेलं, समुद्र गेला. वाईट वाटलं, पण पेटी सुधारली.

आता वाईट बोलतो. फायनल ज्यूरीला पेटीवर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' असं छापलं होतं. फोटोशॉपमध्ये देवनागरी नीट जुळायला तेव्हा टाइपच्या सेटिंगमध्ये 'साउथ एशियन' असलेला पर्याय निवडावा लागायचा. इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'वर्ल्ड रेडी' कंपोझर नावाचा पर्याय लागतो. हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पेटीवरची अक्षरं मोडली. रफार गायब, र पाय मोडून उभा, आणि गि ची वेलांटी उडी मारून ग च्या पुढे. तीन परीक्षकांनी पेटी हातात घेतली, रंगसंगतीबद्दल चांगलं बोलले, मार्क दिले. अक्षरं कुणाच्या लक्षातच आली नाहीत. सुट्टीत तीच पेटी घरी आणली. काका सातवी शिकलेला. त्याने चष्मासुद्धा लावला नाही. "ह्या अक्षर मोडला मां रे?"

मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी ज्यूरीत कधी वाटली नव्हती.

चार वर्षांत देवनागरीला मिळाला एक आठवडा, तोही पाहुण्या कॅलिग्राफरांचा वर्कशॉप म्हणून. जर्मनीतली बाउहाउस ही डिझाइनची शाळा 1919 साली सुरू झाली, हे आम्हाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण विंडोजवर मराठी उघडली की वर्षानुवर्षं समोर यायचा तो 'मंगल' फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशींनी घडवला, हे मी डिग्रीनंतर वाचलं. मोफत मिळणारे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे, हेही नंतरच कळलं. मराठी ल ला पाकळ्या असतात, हिंदीचा वेगळा दिसतो. काही चांगल्या फॉन्टांत आपला ल आत ठेवलेला असतो, पण मजकुराची भाषा मराठी निवडली तरच तो उमटतो. ही एक क्लिक शिकवायला किती वेळ लागतो?

आणि सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते! त्याच जिल्ह्यातला हा माणूस ती बघायला गेला पंचविसाव्या वर्षी. दशावतारी संचात 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. पत्त्याला आडवं-उभं नाही, कसाही हातात आला तरी वाचता येतो. आम्ही मोबाइल अॅपचे आयकॉन शिकताना हीच धडपड करत होतो, उदाहरणं मात्र सगळी परदेशातली.

एआयचं सगळेच विचारतात. काकाही. हो, चित्र दोन मिनिटांत येतं, आणि मीही ते वापरतो. माझं पहिलं, देवळाचं झाकण त्याने माझ्यापेक्षा सुंदर केलं असतं. पण वाशीला ते गेलं नसतं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. खासगीची फी आमच्या बागेला दोन हंगाम पुरून उरली, तेव्हा आधी सरकारी दारं ठोठवा. मुंबईची जे.जे. कलासंस्था आहे, आणि आयआयटीतल्या बी.डिझाइनसाठी युसीड ही प्रवेश परीक्षा आहे. युसीडला कुठल्याही शाखेची बारावी चालते. ती परीक्षा जानेवारीत असते, म्हणून बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर वर्ष गेलं. घरापासून लांब पाठवायचं नसेल तर चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. कुठेही जा, 'देवनागरी कोण शिकवतं?' हे अॅडमिशनच्या टेबलावर विचारा. समोरचा गडबडला तर समजून जा.

फोन केलेल्यांपैकी एकाचा मुलगा रविवारी घरी आला होता. यंदा बारावीला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड, हात सुरेख. कुठलं सॉफ्टवेअर आधी शिकू म्हणाला. मी त्याला वही देऊन देवगडच्या एसटी स्टँडवर दोन तास बसायला सांगितलं. कोण काय विचारतं तेवढं लिही, म्हटलं. संध्याकाळी वही दाखवायला आला. एकोणीस माणसांनी कंट्रोलरला एकच प्रश्न विचारला होता, "कुणकेश्वर खंय लागता?" फलाटाचा बोर्ड बरोब्बर त्यांच्या डोक्यावर होता.

खाली त्याने स्वतःहून एक चित्र काढलं होतं, माणसांची मान आणि बोर्ड यांच्यातल्या कोनाचं.