मधल्या मोकळ्या जागेत उभा राहणारा आवाज

उत्तम ऑडिओ सिस्टीमबद्दल वाचायला गेलं की तीच ती वर्णनं सापडतात. बेस किती खोल, ट्रेबल किती रेशमी, मिड्स म्हणजे मधले सूर किती भरदार. खरं असतं ते सगळं. पण खरोखर चांगल्या सिस्टीमसमोर पहिल्यांदाच बसलेल्या माणसाचा चेहरा बघा. त्याला बेस-ट्रेबल काही सुचत नाही. तो दचकतो, कारण खोलीत कुणीतरी आलंय असं त्याला वाटतं. दोन स्पीकर, मध्ये रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेत बरोबर तोंडाच्या उंचीवर एक माणूस गातोय. डोळे मिटले की तो तिथे आहे. उघडले की समोर नुसती भिंत.

ही जी कुणीतरी असल्याची जाणीव आहे ना, तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे असं माझं ठाम मत आहे. आणि तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलायला आपण उगाच लाजतो. महागड्या यंत्रापुढे बसून डोळ्यांत पाणी आलं असं लिहिलं तर लोकांना दिखावा वाटेल, अशी भीती असते. मग मॉडेल नंबर, वॅट आणि केबलची जाडी एवढंच लिहिलं जातं. मला आज त्या पाण्याबद्दल लिहायचंय.

पण आधी ते घडतं कसं, हे बघू. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, सारख्याच जोराने, एकाच क्षणी निघाला की आपला मेंदू त्याची जागा मधोमध ठरवतो. तिथे काहीच नसतं, तरीही. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा त्याने कानांच्या याच स्वभावावर सगळी भिस्त ठेवली होती. बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोहोचतो. त्या फरकावरून आपण दिशा ओळखतो. अनुकूल परिस्थितीत तर सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही कानांना कळतो. इतकी बारीक मोजणी आपण जन्मभर, झोपेतसुद्धा, नकळत करत असतो. कुणाची चाहूल लागते ती याच मोजणीतून.

साध्या स्पीकरवर ही चाहूल लागत नाही, कारण तिथे आवाज आपली खरी जागा लपवू शकत नाही. खोक्याच्या फळ्या स्वतःच थरथरतात आणि त्यांचा एक वेगळा सूर गाण्यात मिसळतो. डावा आणि उजवा स्पीकर तंतोतंत सारखे नसतात. खालचे सूर काढणारा वूफर आणि वरचे काढणारा ट्वीटर एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे एकाच गळ्यातले खालचे सूर एकीकडून आणि 'स', 'श' दुसरीकडून आल्यासारखे वाटतात. मेंदूला लगेच कळतं की हे यंत्र आहे. वरच्या दर्जाच्या उपकरणात मेहनत जाते ती असल्या खुणा पुसण्यात. जड, निर्जीव खोकं. जुळवून निवडलेली जोडी. या दोघांत सूर वाटून देणारा, काळजीपूर्वक बसवलेला क्रॉसओव्हर. सगळ्या खुणा पुसल्या गेल्या की यंत्र असल्याची बातमी मेंदूला मिळेनाशी होते. मग त्याला एकच अर्थ लावता येतो, की समोर माणूस आहे. आणि समोर माणूस आहे म्हटल्यावर शरीर जे करतं, तेच ते करतं. आपण नकळत सरसावून बसतो, श्वास हळू घेतो, लक्ष देतो.

यासाठी पाताळातून येणारा बेस लागतो, हे मला पटत नाही. बीबीसीचा एलएस३/५ए हा १९७० च्या दशकातला छोटासा मॉनिटर, म्हणजे आवाज पारखायचा स्पीकर बघा. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून बनवलेला. खालचे सूर त्याला झेपत नाहीत आणि फार मोठ्यानेही तो वाजत नाही. तरी आजही लोक त्याच्यावर जीव टाकतात, कारण त्याच्यातून निघालेला मानवी आवाज माणसाचा वाटतो. १९५७ साली बाजारात आलेला क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरही तसाच. त्यात कागदी शंकू नाही, अतिशय पातळ पडदा हलतो, आणि गळ्यातली बारीकशी कंपनंसुद्धा तो सोडत नाही. दोन्हींच्या मर्यादा सगळ्यांना माहीत आहेत. पण माणूस समोर उभा करण्याच्या बाबतीत त्यांनी भल्याभल्या अजस्र स्पीकरना मागे टाकलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला हलवून टाकते ती गाण्याच्या आधीची शांतता. चांगल्या ध्वनिमुद्रणात पहिल्या सुराच्या आधी एक क्षण असतो. काहीच वाजत नसतं, पण ज्या खोलीत ते मुद्रण झालं तिची हवा ऐकू येते. तिची लांबी-रुंदी, भिंती किती दूर आहेत, छत उंच आहे की नाही. मग तानपुरा सुरू होतो. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे 'सा', काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) असेल तर खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झवर बोलते. मोबाइलच्या स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. आपण तो स्वरांशांवरून, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या बारीक सुरांवरून, मनातल्या मनात भरून घेतो, आणि आपला मेंदू हे काम इतकं छान करतो की काही उणीव आहे हे जाणवतही नाही. पण तोच तानपुरा ताकदीच्या सिस्टीमवर ऐकला की खर्ज छातीपाशी येऊन थांबतो आणि जवारीतून, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या खास घासणीतून, सुटणारे स्वरांश खोलीभर पसरतात. एरवी तानपुरा हा गाण्यामागचा पडदा वाटतो. इथे तो गायकाचं घर होतो. गायक त्याच्या आत बसलेला असतो आणि आपल्यालाही आत घेतलेलं असतं.

आणि मग श्वास. आलाप सुरू करण्याआधी घेतलेला श्वास. ओठ उघडल्याचा अगदी बारीक आवाज. लांब तान संपत आली की दम किती उरलाय ते कळतं, आणि तो पुरेल का या काळजीने आपलाच जीव वर येतो. जो गायक जाऊन कित्येक वर्षं झाली, त्याचा तो श्वास आहे, हे मध्येच आठवतं. छायाचित्रात माणूस थांबलेला दिसतो. इथे तो काहीतरी करतोय, प्रयत्न करतोय, पुढच्या क्षणी काय करायचं ते ठरवतोय. माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते नेमकं इथे. रागाचा करुण भाव, शब्दांचा अर्थ, ते सगळं नंतर. एका हयात नसलेल्या माणसाने आत्ता, माझ्यासमोर, दम घेतला, एवढ्यानेच गळा दाटतो. यात लाजण्यासारखं काय आहे, मला खरंच कळत नाही.

अंगावर काटा येण्यावर अभ्यासही झालेला आहे. २०११ साली माँट्रियलमधल्या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि त्यांच्या मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन कुठे आणि केव्हा वाढतं ते पाहिलं. रोमांच येतो त्या क्षणी ते वाढलंच, पण त्याच्या थोडं आधीसुद्धा, मेंदूच्या वेगळ्या भागात वाढलं. म्हणजे आवडती जागा यायच्या आधी जी ओढ लागते, तिच्यातही आनंद आहे. इथून पुढचं अनुमान माझं. ती ओढ लागायला लहान आणि मोठ्या आवाजातलं अंतर शाबूत राहावं लागतं. कुजबुज ही कुजबुजच राहिली पाहिजे, तरच उठाव आल्यावर अंगावर येतो. सगळंच सारखं मोठं करून दाबून बसवलेलं मुद्रण कितीही भारी सिस्टीमवर लावा, वाट बघायला काही उरतच नाही. म्हणून नवं मशीन घेण्याआधी आपण काय लावतो ते बघावं, असं मी हट्टाने सांगत असतो.

आता शंका घेणाऱ्यांकडे येतो. हा सगळा मनाचा खेळ आहे, असं ते म्हणतात. त्यांच्याकडे पुरावे आहेत आणि मी ते मानतो. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दोन्ही वेळचे गुण जुळले नाहीत. डोळ्यांना जे दिसतं ते कानांत शिरतं. २००७ च्या एका प्रयोगात हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीहून जास्त तपशिलाचा ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जातून फिरवून ऐकवला, तेव्हा नेहमीच्या आवाजपातळीला श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. त्यामुळे केबल बदलल्यावर आयुष्य बदललं असं कुणी सांगितलं की मीही गप्प बसतो. पण याच टूल यांच्या कामातून हेही दिसलं की पडद्याआड ऐकताना लोकांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळते. समतोल, खाचखळगे नसलेला आवाज देणारा स्पीकर बहुतेकांना आवडतो. म्हणजे स्पीकरमधला फरक खरा आहे, तो कानांना कळतो, आणि त्यासाठी कुणाचे कान दैवी असावे लागत नाहीत.

मनाच्या खेळाबद्दल आणखी एक गोष्ट. १९१५ पासून काही वर्षं एडिसनच्या कंपनीने जाहीर प्रयोग केले. मंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार करायचा, आणि आत्ता गायिका गातेय की यंत्र, ते प्रेक्षकांनी ओळखायचं. कित्येकांना ते ओळखता आलं नाही म्हणतात. आज ते यंत्र ऐकून कुणीही फसणार नाही. पण त्या प्रेक्षकांचं थक्क होणं खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कानांना तोवर जे माहीत होतं, त्याच्या पलीकडे काहीतरी त्यांना भेटलं. आपलंही तसंच आहे. उद्या याहून चांगलं काही आलं म्हणून आजचा काटा खोटा ठरत नाही.

एका बाबतीत मात्र मी यंत्रवेड्या मित्रांशी नेहमी भांडतो, आणि ती म्हणजे खोली. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या दोन भिंतींमध्ये घुमत राहतो. कुठे दुप्पट होतो, कुठे गायबच होतो. बाजूच्या मोकळ्या भिंतीवरून उसळून आलेला आवाज मधल्या माणसाचा चेहरा पुसून टाकतो. ॲम्प्लिफायर बदलून यातलं काही सुधारत नाही. खुर्ची हातभर पुढे घेतल्याने सुधारतं, स्पीकर भिंतीपासून सुटे केल्याने सुधारतं, बाजूला पुस्तकांचं कपाट आणि पायाखाली जाड गालिचा आल्याने सुधारतं. आपलं आणि दोन्ही स्पीकरचं अंतर सारखं ठेवा, तिघांचा त्रिकोण जमवा. कितीतरी लोक अप्रतिम स्पीकर कोपऱ्यात कोंबतात आणि मग ज्याच्यासाठी ते घेतले, तो माणूस काही केल्या येत नाही.

हेडफोनबद्दल थोडक्यात. तपशील त्यात भरपूर मिळतो, एकांत मिळतो, खोलीची कटकट नाही. पण गायक बहुतेक वेळा आपल्या डोक्याच्या आत गातो, समोर उभा राहत नाही. भेट होण्यासाठी अंतर लागतं, आणि ते स्पीकरच देतात. हे माझं मत, आवडनिवडीचा भाग त्यात आहेच.

साध्या रेडिओवर गाणं ऐकून रडणारी माणसं असतात, मग एवढं सगळं कशाला, असं मला विचारलं जातं. प्रश्न योग्य आहे. गाणं पोहोचायला भारी यंत्र लागत नाही. रेडिओवर आपल्याला गाणं भेटतं, त्यातली चाल, त्यातले शब्द, त्याच्याशी जोडलेल्या आपल्या आठवणी. उत्तम सिस्टीमवर ते गाणारा माणूस भेटतो, त्याच्या छातीसकट, त्याच्या दमासकट, तो बसला होता त्या खोलीसकट. दोन्ही अनुभव मोठे आहेत आणि एकाने दुसरा लहान होत नाही.

कुणी सिस्टीम ऐकायला जाणार असेल तर माझं एक सांगणं. दुकानदार जे चकचकीत प्रात्यक्षिक लावतो ते बाजूला ठेवा. ज्या व्यक्तीचा आवाज तुम्ही रोज ऐकता, तिचं दोन-तीन मिनिटांचं साधं बोलणं शांत खोलीत, चांगल्या मायक्रोफोनवर मुद्रित करून न्या. बीबीसीचे अभियंतेही स्पीकर पारखताना माणसाचं बोलणं वापरत, कारण त्या आवाजाबाबत आपला कान सहसा फसत नाही. ते बोलणं एरवी ती व्यक्ती बोलते तेवढ्याच आवाजात लावा. आवाज नाकातून येतोय का, छाती जास्तच भरलीय का, 'स' टोचतोय का, ते लगेच कळेल. हे सगळं नीट असेल, तर मग संगीत लावा.