घावलं कुठं, ते लिहून ठेवा

आमच्या गावच्या देवघरात बाळकृष्णाच्या पायाशी एक शिवराई आहे. तांब्याची, कडा झिजलेली. एका बाजूच्या 'श्री राजा शिव'मधलं 'राजा' तेवढं नीट वाचता येतं, दुसऱ्या बाजूचं 'छत्रपती' बोटानं चाचपावं लागतं. अक्षरांच्या खाचेत कुंकू बसलंय. तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, ती नांगरटीत घावली. काकीनं त्याच दिवशी चिंच-मीठ लावून घासली, लख्ख केली आणि देवात ठेवली. (जुनं तांबं असं घासू नये, वरचा हिरवट थरच नाण्याला जपत असतो. पण काकीला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.) या दिवाळीत मी पहिल्यांदाच विचारलं, "तात्या, नेमकी कुठं घावली?" ते म्हणाले, "रानात." पुढं काही नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, पंढरपूरच्या रस्त्याला. मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. दिवाळीत जेवणं झाल्यावर पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. रात्रीची वेळ, कुठल्याशा गडाची माची, डोक्याला बॅटऱ्या बांधलेली तीन-चार पोरं आणि ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर. मशीन कुईं करायचं की कुदळ पडायची. सकाळी माचीवर खड्डेच खड्डे. घरात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, पोरांनी चोरी केली का, सरकार तरी गडाकडं कुठं बघतंय? दुसरा म्हणे, मशीनच्या विक्रीवरच बंदी घाला. मग पुतण्या माझ्याकडं वळला, "आत्या, तुमच्याकडं तर परवानगी असते. मग आपल्याकडंच का नाही?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. कारण त्यात इंग्लंडबद्दलची समजूतच अर्धी आहे.

इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारकावर परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथल्या किल्ल्यावर असा व्हिडिओ केला असता तर पोरं कोर्टात उभी राहिली असती. मोकळीक आहे ती शेतात, तीही मालकानं हो म्हटल्यावर. सोन्या-चांदीचं काही जुनं किंवा नाण्यांचा साठा लागला, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणं चौदा दिवसांच्या आत कळवावं लागतं. एखाद्या संग्रहालयानं ते घेतलं तर किमतीएवढं बक्षीस मिळतं, आणि ते बहुधा सापडवणारा आणि शेतमालक निम्मं निम्मं घेतात. पण मला खरं मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९९७ पासून तिथं एक नोंदणी योजना चालू आहे. बक्कल, बटण, तांब्याचं फुटकं नाणं, कायद्यानं कळवायची सक्ती नसलेलं असलं काहीही घेऊन जा, एक तज्ज्ञ अधिकारी ते बघतो, फोटो काढतो, जागा लिहून घेतो आणि वस्तू तुम्हाला परत देतो. अशा पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

माझे शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत आणि दर रविवारी डिटेक्टर घेऊन शेतात जातात. एकदा मलाही नेलं. जुनी वस्ती कधीच पडून गेलेली, वर आता गव्हाची कापलेली ताटं. मशीन चालू केलं आणि नुसती घरघर सुरू झाली. पावलापावलाला लोखंड. घर पडतं तेव्हा लाकूड कुजतं, दगड लोक उचलून नेतात, खिळे मात्र तिथंच राहतात. नवखा माणूस अशा वेळी लोखंड गाळायचं बटण दाबतो, म्हणजे मशीन खिळ्याला गप्प बसतं. अडचण अशी की खिळा आणि नाणं शेजारी शेजारी असले तर खिळ्याबरोबर नाणंही गप्प होतं. लोखंडाचा आवाज त्याला झाकून टाकतो. म्हणून हे शेजारचे आजोबा काहीच गाळत नाहीत. मोठी कॉइल, म्हणजे मशीनची जमिनीवरून फिरवायची चकती, काढून बशीएवढी छोटी लावतात, म्हणजे एका वेळी तिच्याखाली थोडंच लोखंड येतं. हात अगदी सावकाश फिरवतात. एकदा उत्तर-दक्षिण, मग त्याच जागेवर पूर्व-पश्चिम, कारण एका बाजूनं झाकलेलं नाणं दुसऱ्या बाजूनं डोकावतं. त्या घरघरीत मध्येच एक बारीक, तुटका, पण स्वच्छ सूर आला. मला तो ऐकूच आला नव्हता. चार इंच खाली एक तांब्याचं नाणं निघालं, आणि त्याला जवळजवळ चिकटून हातानं घडवलेला चौकोनी खिळा.

खिळा ते फेकून देतील असं मला वाटलं. त्यांनी तो नाण्याबरोबर त्याच पिशवीत घातला, पिशवीवर जीपीएसवरचे आकडे लिहिले, खड्डा बुजवला आणि वर पायानं दाबला. म्हणाले, नाणं कुणाच्याही खिशातून पडू शकतं, इथं घर होतं हे खिळा सांगतो.

आमच्या डोंगरावर तर हे आणखी अवघड आहे. साताऱ्याची जमीन बेसाल्टची. त्या काळ्या दगडातच चुंबकीय लोहखनिज असतं, आणि कास-पाचगणीच्या पठारांवर लोहाच्या अंशानं लाल झालेला जांभा. जमिनीशी जुळवून न घेतलेलं मशीन तिथं डोंगराच्या दगडालाच धातू समजतं. व्हिडिओतले निम्मे खड्डे त्या पोरांनी दगडासाठी पाडले असणार. आणि लोखंड लागलं असेल ते गंजका तुकडा म्हणून बाजूला टाकलं असेल, कारण त्यांना सोनं हवं होतं. पूर्वी लोक पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घालून गुप्तधन बघायला लावायचे. गुप्तधनापायी माणसांचे जीव जायचे, म्हणून साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं लढले, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचाही समावेश करावा लागला. आता मांत्रिकाच्या जागी मशीन आलंय. हाव तीच आहे.

पण गडावर सोन्याहून मोलाचं आहे ते तेच गंजकं लोखंड. बाणांची टोकं, नाल, तोफगोळ्याचे तुकडे. लेस्टरपासून पाऊण तासावर बॉसवर्थचं रणांगण आहे. १४८५ ची लढाई, तिसरा रिचर्ड राजा तिथं पडला. लढाई एका टेकडीवर झाली असं लोक कित्येक पिढ्या मानत आले होते. संशोधकांनी डिटेक्टर घेऊन वर्षानुवर्षं शेतं पट्ट्यापट्ट्यानं तपासली, शिश्याचे ३० च्या वर तोफगोळे आणि राजाचं चिन्ह असलेला चांदीचा छोटा रानडुक्कर मिळाला, प्रत्येकाची जागा नकाशावर मांडली, आणि खरं रणांगण दोन-तीन किलोमीटर पलीकडं निघालं. तेच गोळे कुणी एकेक करून घरी नेले असते तर त्यांची नुसती शोभेची वस्तू झाली असती.

आता अजिंक्यतारा आठवा. १७०० च्या एप्रिलात औरंगजेबाच्या फौजेनं मंगळाई बुरुजाखाली सुरुंग उडवला. तट बाहेरच्या बाजूला कोसळून दोनेक हजार मोगल सैनिक गाडले गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. या वेढ्यातले गोळे कुठं पडले, मोर्चे कुठवर आले, हे त्या उतारावरचं लोखंड सांगू शकतं, ते जागच्या जागी असेल तर. एकदा उपटलं की ते कायमचं गेलं.

वाघनखांवरून आपण केवढे भांडलो! २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. ती खरीच महाराजांची का, हा वाद कशावरून झाला? साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला ती मिळाली, एवढं त्या पेटीवर लिहिलंय, त्यामागचा दुवा तुटलेला आहे, आणि हे ते म्युझियमही मान्य करतं. लंडनला जाब विचारायचा आपल्याला हक्क आहे, मीही तिथं राहून विचारते. पण जो दुवा तुटल्याचं आपल्याला इतकं दुःख आहे, तोच दुवा आपली पोरं आज रात्री माचीवर तोडतायत. २०२५ मध्ये प्रतापगडासह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. हारतुरे झाले, छान झालं. बाकीच्या गडांवर रात्री कोण असतं?

म्हणून माझं मत सरळ आहे. गडावर डिटेक्टर नको, परवानगीचा विषयच नको, आणि हे मी इंग्लंडचाच दाखला देऊन सांगते. शेतातल्या वस्तूंसाठी मात्र माणसाला जायला जागा हवी. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आपल्याकडं अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. कुणी मूळ मालक पुढं आला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. ही तरतूद आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हती. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की सांगितलं की पोलीस येतात आणि जमीन अडकते. म्हणून लोक गप्प बसतात आणि नाणी सराफाच्या मुशीत जातात. जिल्ह्याला एक अभ्यासक नेमा, तो महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी बसेल, वस्तू बघेल, जागा लिहील. घासलेल्या शिवराईलाही नाही म्हणणार नाही. गडांची टाकी उपसणाऱ्या, तट साफ करणाऱ्या पोरांना त्याच्या हाताखाली शिकवा. त्यांचं गडावर प्रेम आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

इंग्लंडात सगळं शहाणपणानं चालतं असं मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये लेम्स्टरजवळ दोघांना व्हायकिंगकाळचा साठा लागला, त्यांनी तो लपवून विकला. सुमारे ३०० नाणी असावीत, हाती लागली थोडीच. दोघं तुरुंगात गेले, पण बहुतेक नाणी आणि त्यांच्यातला इतिहास परत आला नाही. शिक्षेनं एवढंच होतं.

परवा तात्यांचा फोन आला. माझा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला होता. म्हणाले, "अगं, आठवलं. हिरीच्या वरच्या अंगाला, बाभळ हुती न्हवं, तिच्या पूर्वेला धा-बारा पावलं. तिथंच नांगराला खापऱ्या लागायच्या, आन् गंजकं खिळं बी." मी विचारलं, खिळ्यांचं काय केलंत? "भंगारवाल्याला दिलं." मग पुतण्याला तिथं उभं करून मोबाईलवर जागा टिपायला लावली, आणि काकीनं ती एका चिठ्ठीवर उतरवून देवघरात शिवराईखाली ठेवली.