कॉक बंद

आमच्या रावेर तालुक्यात मे महिन्यात काहीही बंद पडलं तरी दोष उन्हावर टाकता येतो. पारा ४५च्या आसपास, कूलरमधलं पाणी संपलेलं, लाईट आलीच तर निम्म्या व्होल्टेजची. त्यामुळे माझं टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून हुकूम सोडायची खिडकी, अधूनमधून गोठायचं तेव्हा मीही उन्हालाच शिव्या दिल्या. (गोठणं हा शब्द इथे मे महिन्यात वापरायला हिंमत लागते.)

प्रकार असा. सर्व्हरवरची (म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवरची) फाईल व्हिम नावाच्या एडिटरमध्ये उघडायची, दोन ओळी बदलायच्या, आणि तेवढ्यात बोटं परस्पर कंट्रोल-एस दाबून मोकळी. व्हिममध्ये सेव्ह करायला कोलन-डब्ल्यू लागतं हे मला ठाऊक होतं हो! पण ते डोक्याला. बोटांना कोण सांगणार? मग सगळं ढिम्म. एस्केप दाबा, एंटर दाबा, कपाळ आपटा. ना एरर, ना चूं.

पुढचा विधी ठरलेला. नेट गेलं समजून मोबाईल घेऊन तापलेल्या गच्चीवर अनवाणी. रेंज भरपूर. नाचत खाली यायचं, खिडकी बंद करायची, पुन्हा लॉगिन. फाईल उघडली की व्हिम संशयाने विचारणार : स्वॅप फाईल (चालू कामाची त्याने ठेवलेली कच्ची नोंद) सापडली आहे, हीच फाईल दुसरं कोणी उघडून बसलंय का? बसला होता. मीच, दहा मिनिटांपूर्वीचा.

आठ वर्षं हे केलं.

परवा कामावर नुकताच लागलेला पोरगा फोनवर म्हणाला, "दादा, कंट्रोल-क्यू दाबून बघता का?" दाबलं. आणि धरणाचे दरवाजे उघडावेत तसं मी वैतागून बडवलेलं सगळं एका दमात फाईलमध्ये येऊन पडलं : ओळभर इंग्रजी जे, बरेच कोलन, आणि दोन अस्सल खान्देशी शिव्या, शुद्धलेखनासकट. म्हणजे टर्मिनल मेलं नव्हतंच. ते निमूट ऐकत होतं, दाखवत तेवढं नव्हतं.

ही टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, काळातली देणगी. १९६३च्या मॉडेल ३३ची छपाई सेकंदाला १० अक्षरं. पलीकडून येणारा मजकूर क्षणभर रोखायचा तर एक खूण लागणारच : कंट्रोल-एस म्हणजे थांब, कंट्रोल-क्यू म्हणजे येऊ दे. छापणारं यंत्र गेलं, कागद गेला, खूण मात्र माझ्या लॅपटॉपात वारसाहक्काने राहिली. उपाय काय, तर बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाईलमध्ये ही खूण बंद करणारी एक ओळ : एसटीटीवाय, स्पेस, मायनस आयएक्सऑन. आठ वर्षांच्या गच्चीफेऱ्यांचं औषध दहा-बारा अक्षरांत!

शोध लागला की कोणाला तरी सांगावंसं वाटतंच. घरात नाना होते, केळीला पाणी सोडून नुकतेच आलेले. मी टेलिटाइपपासून सुरुवात केली. त्यांनी तांब्याभर पाणी संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे मोटर चालू, पाइपात पाणी बी हाये, फक्त कॉक बंद."

"हो, अगदी तस्संच!"

"आन् कॉक तूच बंद करे?"

"...हो."

"आठ वर्सं?"

मी लॅपटॉपकडे पाहू लागलो. नानांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि वावरात निघताना आईला सांगितलं, "याला ड्रीपवर धाडू नको."