विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे
'केरळला लॉटरीतून हजारो कोटी मिळतात, मग महाराष्ट्राने मागे का राहावं?' हे राज्य लॉटरीची बाजू मांडणाऱ्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. अहो, तो आकडा तिकीटविक्रीचा आहे! त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम बक्षिसांत जाते, वर एजंटांचं कमिशन, छपाई, जाहिरात. तिजोरीत निव्वळ उरतं ते त्या मानाने फारच थोडं. गल्ला हाच नफा समजणारा दुकानदार लक्ष्मी रोडवर वर्षभरही टिकायचा नाही. आणि आपली राज्य लॉटरी १९६९ पासून आहेच, केरळनंतर दोनच वर्षांनी आलेली.

लेखक लॉटरीला 'ऐच्छिक कर' म्हणतात, पण तो भरतं कोण? मंडईजवळच्या स्टॉलवर मला दिसतात ते हमाल, रिक्षावाले, वॉचमन. आमच्या कोथरूडची एसआयपीवाली (दरमहा म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणारी) मंडळी तिथे फिरकतही नाहीत. त्यात सप्टेंबर २०२५ पासून तिकिटावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. चुकून मोठं बक्षीस लागलंच, तर त्यावर ३० टक्के प्राप्तिकर आणि सेस. कोणी न नेलेली बक्षिसंही १९९८ च्या लॉटरी कायद्याप्रमाणे सरकारजमा होतात, तेही लेखात यायला हवं होतं.