माळावर सोडून द्या म्हणे!

गेल्या आठवड्यात आईने मला एक मेसेज पाठवला. तिला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता आणि मंडळाला कुणा निसर्गप्रेमी काकांकडून. वर हिरवी पानं, खाली जोडलेले हात आणि मधे मथळा: 'स्वमग्नता हा आजार नाही, ते निसर्गाचं लेकरू आहे!' त्याखाली आईची स्वतःची ओळ: "बघ की, किती चांगलं लिहिलंय. ताईला सांग, सारखं त्याच्या मागं मागं कशाला फिरालीस म्हणावं."

'तो' म्हणजे माझा भाचा. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. वय नऊ, बोलणं मोजकं. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून पलंगाखाली जातो. आईचा त्याच्यावर फार जीव आहे, आणि हा मेसेज तिला गोड लागला तो त्यामुळेच. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी बघून सोडून दिला असता.

मेसेज सांगतो ते थोडक्यात असं. ऑटिझम मोबाईलमुळे आणि सिमेंटच्या जंगलामुळे आला, पूर्वी खेड्यात अशी मुलं नव्हती. या मुलांची ज्ञानेंद्रियं आपल्या दहापट तीक्ष्ण, नजर तर गरुडाची. कानांवर हेडफोन घातले की ही शक्ती मरते. थेरपी बंद करा, दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढू नका, चाळीस दिवस अनवाणी मातीत चालवा, मूल बोलायला लागेल. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'त्याला माळावर, पाण्याकाठी मोकळं सोडा. निसर्ग आपल्या लेकराला सांभाळतो.'

मी शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण ते वाचताना माझे हात थरथरले.

मागच्या जानेवारीत आम्ही सगळे मोहोळकडे एका नातेवाइकांच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. आगटी पेटलेली, शेंगाचटणी, दही, गूळ, बायकांच्या गप्पा. भाचा बाजरीच्या काडाशी खेळत बसला होता. ताईने पाणी प्यायला मान वळवली आणि परत बघते तर तो नाही. त्याला हाका मारून उपयोग नसतो. नावाला तो ओ देतोच असं नाही, आणि घाबरलेल्या आवाजाला तर मुळीच नाही. दहाजण दहा दिशांना पळाले. सापडला तो शेततळ्याच्या काठावर, उकिडवा बसून पाण्यावर हलणारं ऊन बघत. चेहरा असा शांत, की असा मी त्याला घरात कधी पाहिलेला नाही.

शेततळं ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, चारी बाजूंनी उतार आणि ओला झाला की साबणासारखा. आत गेलेल्या धडधाकट माणसालाही दोर असल्याशिवाय वर येता येत नाही. आमचं लेकरू त्या उतारापासून वीतभर अंतरावर होतं. निसर्ग त्याला सांभाळत नव्हता, निसर्ग त्याला बोलावत होता. या दोन गोष्टींतला फरक त्या काकांना कळत नाही आणि हजारो लोक तो मेसेज पुढे पाठवतायत.

हे आमच्याच घरी घडलं असंही नाही. अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलांच्या बाराशेहून जास्त कुटुंबांकडून माहिती घेतली, ती २०१२ साली छापून आली. त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांनी चार वर्षांचं झाल्यावर कधी ना कधी असा गुपचूप पळ काढला होता. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मृत्यूच्या नोंदी तपासल्या. पंधरा वर्षांखालच्या ऑटिझम असलेल्या मुलांना बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट निघाला. एकशे साठ पट! आणि आपण 'पाण्याकाठी मोकळं सोडा' असं भजनी मंडळाच्या बायकांना सांगतो. हिप्परग्याचा तलाव, कंबर तलाव, सिद्धेश्वराचा तलाव, आपल्या सोलापुरात पाणी कमी आहे का?

आता 'मोबाईलमुळे'. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून अशा अकरा मुलांची हकिगत छापली ती १९४३ साली. तेव्हा मोबाईल सोडा, आपल्याकडे घरोघरी रेडिओसुद्धा नव्हता. त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड, म्हणजे ज्याला हे निदान पहिल्यांदा मिळालं असं मानतात, तो मिसिसिपीतल्या एका छोट्या गावचा. त्या गावाचं नाव फॉरेस्ट. म्हणजे चक्क जंगल! सिमेंटच्या जंगलाचा सिद्धांत तिथेच आडवा झाला. आणि खेड्यात अशी मुलं नव्हती म्हणे. होती की. त्यांना 'येडं', 'मुकं', 'देवाचं' म्हणायचे आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवायचे.

कॅनरांच्या त्याच लेखात या मुलांना कशाची भीती वाटायची त्याची यादी आहे: झोपाळे, लिफ्ट, धूळ ओढायचं मशीन, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र. आणि यादीच्या टोकाला वारासुद्धा! म्हणजे निसर्ग या मुलांना आपोआप आपलासा वाटतो असंही नाही. पुढे ते म्हणतात की घाबरवतो तो नुसता आवाज नव्हे, मुलाच्या एकटेपणात न विचारता घुसणारा आवाज. तेवढाच मोठा आवाज मूल स्वतः मजेत काढतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातलं कोडं उलगडलं. ताईचं घर पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. दिवसभर खटाक्-खटाक्. त्याचं याला काही नाही, उलट त्या तालावर झोप लागते. स्टीलचे डबे स्वतः आपटताना तर हसतो. पण कुकरची शिट्टी, मिक्सर, शेजारच्या मोटरसायकलचा अचानक फटफटाट, संपलं. हा कानांचा दहापटपणा नव्हे. त्याची श्रवणतपासणी झाली आहे, चारचौघांसारखीच आली.

गरुडाची नजर कुठून आली तेही सांगते. २००९ साली खरंच एक संशोधन आलं होतं, ऑटिझम असलेल्यांची नजर शिकारी पक्ष्याइतकी तीक्ष्ण असते असं. लगेच इतर शास्त्रज्ञांनी मोजणीच्या पद्धतीतली चूक दाखवली आणि २०११ मध्ये नीट मोजलं तर फरक काही निघालाच नाही. गरुड उडून गेला, मेसेज राहिला.

संवेदना वेगळ्या असतात हे मात्र खरं. २०१३ पासून निदानाच्या निकषांतच ते आलंय. पण तिथे वाक्याला दोन बाजू आहेत: काही जास्त जाणवतं, काही कमी. कमीचं कुणी बोलत नाही, कारण त्यात चमत्कार नाही. काही मुलांना चटका, थंडी, दुखणं उशिरा कळतं. अशा मुलाला मे महिन्यात, सोलापूरच्या ऊन्हात अनवाणी चालवा म्हणताय? पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा आपल्याला अंगणात दोन पावलं टाकवत नाहीत. आमच्याकडे तर उलटी तऱ्हा. जवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर याच्या मोज्यात कुसळी गवताची दोनच कुसळं गेली आणि पुढचा पाऊण तास कुणाला काही सुधरलं नाही.

हेडफोनने शक्ती मरते, यावर काय बोलायचं? सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं, तेव्हा हा हेडफोन घालून गच्चीवर उभा राहतो आणि रंग बघतो. हेडफोन नसता तर तो पलंगाखाली असता. आणि प्रमाणपत्राचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांना जागा आहे त्यात ऑटिझम आहे. ते काढल्याने शिक्का बसत नाही, हक्क मिळतात. पुढे.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. माळावर तो खरंच वेगळा असतो. १९७९ पासून अभयारण्य असलेलं नान्नज, माळढोक पक्षी आता दिसणं म्हणजे नशीबच, पण काळवीट दिसतात. पहाटे गेलो की तो गवतात पोटावर पडून त्यांच्याकडे बघत राहतो, तासभर. तिथे ट्यूबलाइट फडफडत नाही, 'बेटा नाव सांग' म्हणून गालाला हात लावणारं कुणी नाही, कुणाचा चेहरा वाचायचा नाही. ते त्याचं घर वाटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मेसेजमधलं एवढं खरं आहे, आणि त्याच्या आडोशानेच बाकीचं खपून जातं.

डोनाल्डचंच बघा. तोही शेतावर सुधारला. नऊ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. पण त्या जोडप्याने त्याला मोकळं सोडलं नाही. मोजायचा नाद होता, तर विहीर खणायला लावली आणि खोली विचारली. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगरताना मोजायला सांगितलं. मेलेले पक्षी, किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला एक कोपरा दिला. कॅनर भेटायला गेले तेव्हा त्याने घोडा-नांगर धरून सहा लांब ओळी नांगरून दाखवल्या. पुढे तो पदवीधर झाला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, जग फिरला आणि २०२३ साली वारला, ऑटिझमसकट. त्यात मातीचा वाटा असेलही, पण रोज त्याच्याबरोबर उभं राहणारी दोन माणसं होती. मेसेजने नेमकी तीच गाळली.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मी मंडळात पाठवलंय त्याचं काय करू?" म्हटलं, शेततळ्याचं सांग त्यांना, बाकी राहू दे. तिने तसा व्हॉइस मेसेज टाकला, दोन मिनिटांचा, मधेच रडली. तीन जणींनी खाली हात जोडले. चौथीने तोच हिरव्या पानांचा मेसेज पुन्हा टाकला.

मोहोळच्या नातेवाइकांना शेततळ्याभोवती जाळी लावा म्हणून आम्ही त्याच दिवशी सांगितलं होतं. दिवाळीनंतर बघू म्हणाले. परवा फोन केला, अजून लागलेली नाही.