सहीवरचा फराटा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एक फोटो टाकला. त्यांचा मुलगा कामासाठी परदेशी गेला होता. तिथल्या फॅन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनात, शाळेत असल्यापासून ज्याच्यावर जीव टाकला त्या नटाला भेटला आणि पैसे भरून फोटोवर सही घेऊन आला. काळंभोर अंतराळ, त्यात यान, त्यावर चांदीच्या शाईतली सही. सहीचं शेपूट जिथे संपतं तिथे अंगठ्याएवढा फराटा. पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर हजर : "एवढ्या पैशांत वर्षाचं दूध आलं असतं. त्यात सहीपण फिसकटलेली!" खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

काका, सवाईला डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून पुढची जागा धरता, तेव्हा दुधाचा हिशेब कुणी विचारला होता? तिथे रसिक आणि इथे खुळं, होय ना? साय-फाय म्हणजे पोरांचा खेळ, असं एकदा ठरवून टाकलं की बोलायला मोकळे. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६९ मध्ये बंद पडली. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिच्या चाहत्यांनी संमेलन भरवलं. काहीशे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांहून जास्त. बंद पडलेल्या मालिकेसाठी! अशा वेड्यांमुळेच आज ही सगळी जत्रा उभी आहे.

महाग असतं, मान्य. धंदा आहे, तेही मान्य. मोठ्या नटाला बऱ्याचदा आयोजकांनी ठरावीक रकमेची हमी दिलेली असते. सह्यांतून तेवढे पैसे जमले नाहीत, तर उरलेले आयोजकांच्या खिशातून जातात. म्हणून टेबलाशी उभा असलेला मदतनीस "पुढे चला" करत असतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही.

पण तो फराटा बघून माझाही जीव हळहळला, आणि खरं सांगायचं तर पोराचा थोडा रागही आला. चकचकीत फोटोचा कागद मार्करची शाई आत ओढून घेत नाही, ती वरच बसते. त्यात चांदीची शाई म्हणजे पेंट मार्कर, त्याचा थर जाड. सही झाल्या झाल्या फोटो प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला की शाई प्लास्टिकला चिकटते आणि ओढली जाते. इथे नेमकं तेच झालं. कडेला धरून दहा मिनिटं उघडा ठेवायचा, बस. साधा मार्कर लवकर वाळतो, पण काळ्या चित्रावर काळी सही दिसणार कशी? म्हणून पेंट मार्कर लागतोच. तो टोपण लावूनच हलवायचा, मग रद्दी कागदावर टोक दाबून शाई नीट उतरतेय का बघायचं. नाहीतर पहिल्याच अक्षरावर थेंब पडतो. सगळं अप्पा बळवंत चौकात मिळतं : मार्कर, कडक प्लास्टिकचं पाकीट, आठ बाय दहा इंचाच्या फोटोला मागून लावायला जाड पुठ्ठा. लॅमिनेशन मात्र चुकूनही करू नका, उष्णतेने शाई पसरू शकते.

आणखी एक. प्रवेशाचं तिकीट काढलं म्हणजे भेट झाली, असं नसतं. सहीचे पैसे वेगळे, नटासोबत फोटो काढायचे वेगळे, टेबलाशी मोबाइलवर काढायच्या सेल्फीचे कधीकधी त्याहून वेगळे. काही टेबलांवर रोखच घेतात, तीही तिथल्या चलनात. नटाला ऐनवेळी शूटिंग लागलं तर सहीचे पैसे बहुतेक ठिकाणी परत मिळतात, विमानाचे नाही. म्हणून एकाच माणसासाठी एवढा प्रवास करायचा नाही, आपल्या आवडीचे दोन-तीन पाहुणे असतील तरच तिकीट काढायचं.

सहीवर आपलं नाव हवं असेल तर चिकटचिठ्ठीवर रोमन कॅपिटल अक्षरांत लिहून फोटोलाच लावून ठेवा. 'ज्ञानदा'चं स्पेलिंग तोंडी सांगत बसलात तर वेळ त्यातच संपणार.

फोटोच्या रांगेत तर दहा सेकंदही मिळत नाहीत. पिशवी आधीच बाजूला. चष्म्याच्या काड्या कानामागे किंचित उचला, म्हणजे काच खाली झुकते आणि फ्लॅश चमकत नाही. खांद्यावर हात टाकायचा असेल तर आधी विचारा, नाही म्हणाले तर विषय संपला. 'स्टार ट्रेक'मधल्या स्पॉकच्या भूमिकेत लिओनार्ड निमॉयने अजरामर केलेली ती मधल्या बोटांत फट पाडायची खूण करायची असेल, तर घरी आरशासमोर सराव करून जा. ऐनवेळी निम्म्या लोकांची बोटं सुटत नाहीत आणि फोटोत नुसताच ट्रॅफिक हवालदार येतो. प्रिंट हातात आली की तिथल्या तिथे बघा. डोळे मिटलेले असतील तर फोटो परत काढून द्यायची विनंती तेव्हाच करता येते, हॉटेलवर पोचल्यावर नाही.

हे सगळं लिहिता लिहिता काकांवरचा राग जरा उतरला. कारण काकूंनी मघाशी पुढची हकीकत टाकली. बहुतेक लोक टेबलापाशी पोचले की "मी तुमचा खूप मोठा चाहता" म्हणतात, नट "थँक्यू" म्हणतो, संपलं. दिवसभरात त्याने ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. या पोराने विचारलं, भूमिकेत घालायच्या त्या शिरस्त्राणातून समोरच्या नटाचे डोळे दिसायचे का? म्हणे त्या माणसाने पेन खाली ठेवलं, हसला आणि म्हणाला की काहीच दिसत नव्हतं, जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या पायाने चाचपत चालायचो. मदतनिसाने दोनदा खाकरून झालं, तरी तो सांगतच होता.

आपल्या पुण्यात हे नवीन नाही हो. नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला गेली की ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर यायचं, त्याखाली सही. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले, तेव्हा ती पोस्टकार्डं किती घरांतल्या कपाटांतून बाहेर निघाली असतील! एक प्रश्न घेऊन जा, एवढंच तर आहे.

काका, तुमचं दूध तुम्हाला लखलाभ.

काकू, फ्रेमवाल्याला सांगा की काच फोटोला टेकता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाल. ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, शाई उडते. आणि तो फराटा स्पिरिटने पुसायचा विचार डोक्यातून काढून टाका, फराट्याबरोबर सहीपण जाईल.