टिंग झालं की गेला

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मी टाइप करायला बसलो, की 'गच्चीची किल्ली कोणाकडे असावी' या विषयाशी आल्यावर कॉम्प्युटर बंद पडायचा. आधीचे विषय सुरळीत. नालेसफाई झाली, पाण्याची मोटर झाली, गच्ची आली की गेला. बी विंगमध्ये कुजबुज सुरू झाली की सेक्रेटरीला ती किल्ली सोडायचीच नाहीये.

गोष्ट डोंबिवलीतली, विंडोज एक्सपीच्या काळातली. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला कॉम्प्युटर, २५६ एमबी रॅम, आणि नाट्यसंगीत ऐकत टाइप करायची माझी सवय. बंद पडायची त्याची तऱ्हाही अशी, की काय झालं ते कळू नये. क्षणभर पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि ती वाचायच्या आत मशीन आपलं आपण पुन्हा सुरू. गाण्याची शेवटची तान मात्र स्पीकरमधून 'आआआआ' करत एकाच जागी अडकलेली असायची.

निदान करणाऱ्यांची डोंबिवलीत कधीच वाण नव्हती. दुसऱ्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी टेस्टर लावून कॅबिनेटला करंट आहे हे सिद्ध केलं आणि "अर्थिंग!" म्हणून खुर्चीत बसले. समोरचे बँकवाले म्हणाले, व्हायरस. आई म्हणाली, "तापलाय तो, पंख्याखाली सरकव." (आईचं आणि बँकवाल्यांचं अगदीच चूक नव्हतं. अशा दुखण्याला उष्णता, खराब रॅम, व्हायरस यांतलं काहीही कारण असू शकतं. आमच्याकडे त्यांतलं काही नव्हतं, इतकंच.) लोडशेडिंगचे दिवस असल्यामुळे निम्म्या वेळा तर मशीन गेलं की वीज गेली यावरच चर्चा व्हायची.

मग कॉम्प्युटरवाला आला. खांद्यावर सॅक, सॅकमध्ये सीड्यांचं पाकीट. त्याने काही विचारलं नाही.

"फॉरमॅट मारून टाकू, काका."

"पण झालंय काय?"

"फॉरमॅट मारला की कळेल ना."

फॉरमॅटनंतर काही कळण्यासारखं उरतच नाही, हे मी त्याला सांगून पाहिलं. तोवर त्याने सी ड्राइव्ह पुसला होता. विंडोज टाकलं, मदरबोर्डच्या खोक्यातली सीडी घालून सगळे ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, टाकले, शेवटी एक गाणं वाजवून दाखवलं. "बघा, एकदम मक्खन." पैसे घेतले. तो जिना उतरून स्कूटरला किक मारतोय तोवर इकडे पडदा निळा. पुढच्या खेपेला पुन्हा फॉरमॅट, पुन्हा तीच सीडी, पुन्हा तेच गाणं. रोग समूळ नाहीसा करायचा आणि जाताना त्याच सीडीतून काळजीपूर्वक परत भरून ठेवायचा, असा तो उपचार होता, हे आम्हाला फार नंतर उमगलं.

एकदा त्याने एफ-८ दाबून सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच विंडोज, लावून दिला. पडद्यावर ढोबळ अक्षरं, फिक्कट रंग, पण मशीन रात्रभर हललं नाही. सकाळी त्याने निकाल दिला, "मशीन ओके आहे. तुम्हीच काहीतरी करता." सेफ मोडमध्ये आवाज नसतो, साउंड कार्डाचा ड्रायव्हर तिथे चढतच नाही, याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. मला फक्त नाट्यसंगीताविना इतिवृत्त जड जात होतं.

शेवटी बंगळुरूच्या मेहुण्याला एसटीडी लावला. तो म्हणाला, "भावोजी, माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक. प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. मग तो निळा पडदा पळणार नाही, वाचता येईल."

आणि खरंच, पुढच्या वेळी पडदा जागच्या जागी थांबला. मजकूर मोठा सुसंस्कृत होता. हा पडदा तुम्ही पहिल्यांदाच पाहत असाल तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, म्हणे. खाली सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधण्याची सूचना. घरातल्या त्या पदावरच्या व्यक्तीला हाक मारली. "बंद कर ते आणि पानावर बस," असा आदेश आला. पण त्याआधी मी मधल्या ओळी उतरवून घेतल्या. ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, शून्यांची माळ, शेवटी डी-वन, आणि एका फाइलचं नाव. मेहुण्याने नाव ऐकलं आणि हसला. "साउंडचा ड्रायव्हर आहे हा."

माझा विश्वास बसेना. आवाज करणारं पोर सगळं घर कसं बंद पाडेल? त्याने समजावलं. वर्ड कोसळलं तर वर्डपुरतं कोसळतं. ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, तेही प्रत्येक कानाला वेगळे. ही कामं इतकी तातडीची, की त्यांच्या मधोमध रॅम कमी पडली म्हणून हार्ड डिस्कवर हलवलेली मेमरी परत यायची वाट बघता येत नाही. आमचा ड्रायव्हर नेमकी तेव्हाच ती मागायचा, आणि आणखी बिघाड नको म्हणून विंडोज स्वतःच सगळा कारभार थांबवायचं. (एक्सपीनंतर २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टात आवाजाचा बराचसा संसार कर्नलबाहेर हलवला. आमच्या घरी ते कळेपर्यंत इतिवृत्तं बरीच वाया गेली होती.)

गच्चीचं कोडंही सुटलं. तिथवर येईतो पान भरायचं आणि मी फ्लॉपीवर सेव्ह करायला जायचो. फ्लॉपी चिरंजीवांच्या दप्तरात. ती जागेवर नाही हे सांगायला विंडोज 'टिंग' करायचं, आणि मागे गाणं चालूच असायचं. दोन आवाज एकदम आले की ड्रायव्हर आडवा. कॉम्प्युटरवाला एकच गाणं वाजवायचा, म्हणून त्याचं सदैव मक्खन. आमच्या सभेत अख्खी बी विंग एकदम बोलते आणि तरी कोणी आडवं होत नाही. सोसायटीने हा ड्रायव्हर लिहायला हवा होता.

आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड बंद करून पाहिला. मशीन ठणठणीत. मग सायबर कॅफेतून नवा ड्रायव्हर सीडीवर आणला, जुना काढून तो टाकला, गाणं लावलं आणि मुद्दाम फ्लॉपी नसताना सेव्ह केलं. टिंग झालं, गाणंही चालू राहिलं. गच्चीचा विषय कागदावर उतरला, आणि बी विंगने त्यावर लगेच हरकत घेतली.

कॉम्प्युटरवाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं, फाइलचं नावसुद्धा लिहून घेतलं. पुढच्याच आठवड्यात काकांचा कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं तरी दिवा लागत नव्हता, पंखा फिरत नव्हता. तो आला, कॅबिनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाला, "साउंडचा ड्रायव्हर."

काकांकडे स्पीकरही नव्हते. पैसे मात्र त्याने घेतले.